काळ्या मातीवरचं गुत्तं

आग्रही : परभणी जिल्ह्यातल्या मानवतसारख्या गावात नव्या घराला तडा गेला की माणसं दोन गोष्टी करतात. गुत्तेदाराच्या नावानं बोटं मोडतात आणि तड्यात सिमेंट भरून वरून पुट्टी मारतात. दाद मागायला फार थोडे जातात, आणि माझं म्हणणं असं की जायलाच हवं. समजा, एका शिक्षकानं कर्ज काढून बाराशे फुटांचं घर बांधलं. मटेरियलसह गुत्तं दिलं, हप्ते वेळच्या वेळी चुकते केले. दोन पावसाळे गेले आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा वर चढला, फरशी मधोमध फुगली, दार चौकटीत बसेना, स्लॅबखालच्या गिलाव्याचे पोपडे पडू लागले. हा माणूस नशिबाला बोल लावतो. कायदा मात्र 1872 सालापासून त्याच्या बाजूचं बोलत आलाय. भारतीय करार कायद्याच्या कलम 73 खालची उदाहरणं वाचा. एक आहे घरदुरुस्तीचं : पैसे आगाऊ घेतले आणि काम ठरल्यासारखं केलं नाही, तर ते ठरल्यासारखं करून घ्यायला येणारा खर्च द्यावा लागेल. दुसरं त्याहून कडक आहे. घर इतकं निकृष्ट बांधलं की मुदतीआधीच पडलं, आणि त्यात भाडेकरू ठरलाय हे बांधणाऱ्याला माहीत होतं. मग पुन्हा बांधायचा खर्च, बुडालेलं भाडं आणि भाडेकरूला द्यावी लागलेली भरपाई, तिन्ही त्याच्याच अंगावर. कायदा इतका स्पष्ट असताना माणसानं पुट्टीचा डबा का आणायचा?

साशंक : कारण त्या उदाहरणांत काय ठरलं होतं आणि दोष कुणाचा, हे दोन्ही आधीच सांगून टाकलंय. खऱ्या भांडणात नेमकं तेच माहीत नसतं. तुमच्या शिक्षकाचा कागद बघा. बॉन्डवर चार ओळी असतील : बांधकाम बाराशे फूट, दर फुटाला अमुक, पाया पाच फूट, काम चांगल्या प्रतीचं करून द्यावं. वाळू कुठली, सळई किती मिलिमीटरची आणि किती अंतरावर, काँक्रीट कोणत्या ग्रेडचं, पाणी किती दिवस मारायचं, ह्यातलं काहीच त्यात नाही. नगरपरिषदेत परवानगीसाठी दिलेला नकाशा फायलीत असतो आणि साइटवर गवंडी तोंडी सांगितलेल्या मापानं काम करतो. अशा कागदावर ‘करारभंग झाला’ असं कशाच्या आधारानं म्हणणार? आता ‘पाया पाच फूट’ हेच घ्या. समजा गुत्तेदारानं मोजून पाच फूट खोदला आणि तळाला काळी मातीच लागली. त्यानं करार पाळला. घराला तडा गेलाच. मग दोष कशात?

आग्रही : काळ्या मातीवर बांधणाऱ्याला काळी माती कळली पाहिजे, ह्यात. परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला ती कळते. एप्रिल-मेमध्ये शेतात उभं राहा. जमिनीला भेगा पडतात, त्यांत हात कोपरापर्यंत जातो. जूनचा पाऊस आला की तीच माती पाणी पिऊन फुगते आणि भेगा मिटतात. घराखालची मातीही हेच करते, फक्त सगळीकडे सारखं नाही. कडेच्या मातीला पाऊस, मोरीचं पाणी आणि नळाची गळती मिळते, मधल्या मातीचं पाणी वेगळ्या वेगानं कमीजास्त होतं. त्यामुळं पाया एका बाजूला उचलला जातो, दुसऱ्या बाजूला खचतो. भिंतीला ही ओढाताण सोसत नाही आणि ती सगळ्यात कमजोर जागी, म्हणजे खिडकी-दाराच्या कोपऱ्यात, तिरपी फाटते. हे गूढ नाही. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं अशा मातीसाठी खाली फुगवटा असलेले पाइल कित्येक दशकांपूर्वी विकसित केले. ओलावा ऋतूप्रमाणं बदलतो तो वरच्या साधारण साडेतीन मीटरांत. पाइल त्याखाली टेकवायचे, ही त्यामागची साधी कल्पना. ते परवडत नसतील तर मुरूम लागेपर्यंत खोदा, पायाखाली आणि प्लिंथमध्ये मुरूम नीट दाबून भरा, भोवती पाणी मुरणार नाही असा फरसबंद पट्टा करा. जो माणूस कौशल्याचे पैसे घेतो त्यानं हे सांगायलाच हवं. ‘तुम्ही पाच फूट म्हणालात म्हणून पाच फूट खोदला’ हे मजुराला शोभेल, मटेरियलसह घराचं गुत्तं घेणाऱ्याला नाही.

साशंक : आणि त्यानं सांगितलं असेल तर? साइटवरचं बोलणं मला ठाऊक आहे. गुत्तेदार म्हणतो, ‘गुरुजी, मुरूम नाही लागला अजून, आणखी चार फूट जावं लागेल.’ मालक विचारतो, ‘किती वाढतील?’ आकडा ऐकून म्हणतो, ‘शेजाऱ्यांचं पाच फुटांवरच उभं आहे की. बसवा एवढ्यातच.’ गुत्तेदार बसवतो, कारण तो नाही म्हणाला तर उद्या दुसरा येऊन बसवेल. हे बोलणं हवेत विरतं. दोन वर्षांनी तडा गेल्यावर मालकाला ते आठवत नाही आणि गुत्तेदाराला दुसरं काही आठवत नाही. दर ठरतानाही असंच. चार जणांचे भाव घेतले जातात आणि सगळ्यात कमी भाव सांगणाऱ्याला काम मिळतं. तो दर कुठून काढणार, सिमेंटच्या गोण्यांतून की सळईच्या अंतरातून, हे कुणी विचारत नाही, कारण उत्तर नको असतं. तुम्ही दोष बांधणाऱ्याच्या पदरात टाकता. मला तो व्यवहारातच भरलेला दिसतो.

आग्रही : व्यवहार तसा आहे म्हणूनच कायद्यानं ग्राहकाचा हात धरला. लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1993 साली घरबांधणी ही सेवा मानली आणि निकृष्ट बांधकाम ही सेवेतली त्रुटी. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं ‘घरबांधणी’ हा शब्द ग्राहक कायद्यातच आला आणि 2019 च्या नव्या कायद्यातही तो आहे. परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायला वकील सक्तीचा नाही. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतची तक्रार जिल्ह्यातच चालते. मानवतच्या माणसाला त्यासाठी छत्रपती संभाजीनगर गाठावं लागत नाही. कमी दर घेतला म्हणून त्रुटी माफ होत नाही. दर परवडत नव्हता तर काम घ्यायचं नव्हतं. घेतलं, तर घर उभं राहील एवढी हमी त्यात आलीच, ती लिहिलेली असो वा नसो.

साशंक : दरवाजा आहे, मान्य. आत काय होतं ते बघू. पहिली गोष्ट मुदतीची. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार करायची, उशीर झाला तर कारण पटवायचं. काळ्या मातीचा दोष दिसायलाच दोन-तीन पावसाळे लागतात. मग घरात राहायला गेलो तो दिवस धरायचा की तडा दिसला तो, ह्यावरच पहिला वाद. शहरात फ्लॅट घेणाऱ्याला रेरा कायद्यानं ताब्यापासून पाच वर्षं दिली आहेत. त्या काळात दोष दिसला तर बिल्डरनं तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. पण तो कायदा प्रवर्तकासाठी आहे, तोही पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या आणि आठपेक्षा जास्त घरांच्या प्रकल्पासाठी. स्वतःच्या प्लॉटवर गुत्तं देऊन बांधणारा त्यात बसत नाही, आणि मानवतमध्ये बहुतेक घरं अशीच होतात. दुसरी गोष्ट पुराव्याची. आयोगाचं काम प्रतिज्ञापत्रांवर आणि कागदांवर चालतं. तज्ज्ञांचे अहवाल एकमेकांविरुद्ध गेले, साक्षीदारांच्या उलटतपासण्या लागल्या, की ‘हे गुंतागुंतीचं आहे, दिवाणी न्यायालयात जा’ असं सांगितलं जाऊ शकतं. कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिलेत, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात ते किती लांबतं हे तारखा घेतलेल्यांना विचारा. तिसरी गोष्ट मला सगळ्यात क्रूर वाटते. कायदा म्हणतो, नुकसान वाढू देऊ नका, हाती होते ते उपाय केलेत का हे भरपाई ठरवताना बघू. आणि पुरावा म्हणतो, काहीही हलवू नका. माणसानं तडा बुजवला तर साक्ष गेली, नाही बुजवला तर पावसाळाभर भिंत पाणी पिते आणि समोरचा वकील विचारतो, ‘तुम्ही स्वतः काय केलंत?’

आग्रही : ही कोंडी खरी आहे, पण तिच्यातून वाट आहे आणि ती वेळेवर धरली पाहिजे. तडा दिसला की आधी वकिलामार्फत नोटीस : इतक्या दिवसांत येऊन बघा, दुरुस्त करा, नाहीतर आम्ही करून घेऊ आणि खर्च मागू. मग शासनमान्य स्ट्रक्चरल इंजिनियरकडून पाहणी. प्रत्येक तड्याचा फोटो, शेजारी पट्टी धरून. तड्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख टाकायची, काच फुटली तर तडा जिवंत आहे हे दिसतं. काँक्रीटवर रिबाउंड हॅमर मारता येतो, शंका राहिली तर कोअर काढून प्रयोगशाळेत दाबून बघता येतं. पाया उघडा करून त्याची खोली आणि तळची माती नोंदवता येते. दिवाणी दाव्यात आदेश 26 नियम 9 खाली न्यायालय कमिशनर नेमतं, तो जागेवर जाऊन दोन्ही बाजूंसमोर पाहणी करतो. एवढं झालं की दुरुस्ती करा. साक्ष भिंतीवरून कागदावर आलेली असते. माणसं हरतात ती बहुतेकदा कायद्यामुळं नाही, आधी दुरुस्ती करून मग वकिलाकडे गेल्यामुळं.

साशंक : कोअरचा आकडा काय सांगतो? समजा एम-20 काँक्रीट अपेक्षित होतं, म्हणजे अठ्ठावीस दिवसांच्या ठोकळ्याला चौरस मिलिमीटरला वीस न्यूटनची ताकद, आणि कोअर त्याच्या बराच खाली भरला. काँक्रीट कमजोर आहे हे कळलं. कुणामुळं, हे नाही कळलं. सिमेंट कमी पडलं असेल, वाळूत माती असेल, माल ओतायला सोपा जावा म्हणून गवंड्यानं जादा पाणी घातलं असेल, किंवा स्लॅबवर पाणीच मारलं नसेल. आता ह्या शेवटच्याकडे बघा. आपल्याकडे कितीतरी गुत्त्यांत लाइट आणि पाणी मालकाचं असतं. मानक म्हणतं, किमान सात दिवस, मिश्र सिमेंट असेल तर दहा दिवस काँक्रीट ओलं राहिलं पाहिजे. मे महिन्यात स्लॅब पडतो, नळाला पाणी नाही, बोअर आटलेला, टँकर विकत. गुत्तेदाराच्या माणसानं पहिल्या दिवशी वाळूचे आळे करून पाणी भरलं. तिसऱ्या दिवशी मालकानं टँकर सांगितला नाही, कारण पैसे संपले होते. दुपारच्या उन्हात त्या आळ्यांचा तळ पांढरा पडला. कोअर काढणाऱ्याला हे दिसणार नाही. तो आकडा देईल आणि आयोग त्या आकड्यावर एका माणसाचं नाव लिहील.

आग्रही : म्हणून तर बाजू ऐकायची असते. गुत्तेदारानं यावं, सांगावं की पाणी मालकाचं होतं आणि त्यानं दिलं नाही. पण मी त्याला लगेच विचारीन : मग तू काम का नाही थांबवलंस, एक ओळ लिहून का नाही दिलीस? मालकाची चूक असेल तर भरपाई तेवढी कमी व्हावी, ह्याला माझी हरकत नाही. दोष अनेकांचा आहे, म्हणून कुणाचाच नाही, ह्याला आहे.

साशंक : मग भरपाईचाच प्रश्न घ्या. तडे शिवून गिलावा करायला समजा साठ हजार लागतात. पाया खरोखर दुरुस्त करायचा तर घर टेकूवर धरून खालून नवं काम, किंवा पाडून पुन्हा बांधणं, म्हणजे दहा-पंधरा लाख. कलम 73 च्या उदाहरणाप्रमाणं ‘करारासारखं करून देण्याचा खर्च’ ह्यातला कोणता? इंग्लंडमध्ये 1995 साली एक पोहण्याच्या तलावाचा खटला हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढं गेला. तलाव साडेसात फूट खोल हवा होता, पावणेसात फूट झाला. पुन्हा बांधायला एकवीस हजार पौंडांवर खर्च येत होता. तलाव वापराला चांगला होता, मालमत्तेची किंमतही घटलेली नव्हती. न्यायाधीश म्हणाले, एवढ्या थोड्या लाभासाठी एवढा खर्च वाजवी नाही, आणि मालकाला मिळाले अडीच हजार, हवा तसा तलाव न मिळाल्याबद्दल. उद्या आयोगानं विचारलं, ‘घर पडलेलं नाही, माणसं राहतात, तडेच आहेत ना?’ तर तुमचा शिक्षक साठ हजार घेऊन घरी येईल आणि पुढच्या जूनमध्ये तडा त्याच जागी पुन्हा उघडेल.

आग्रही : तलाव आणि घर एका मापानं मोजू नका. तलाव नऊ इंच उथळ असला तरी त्यात पोहता येतं. पाया हलतोय अशा घरात माणूस पावसाळ्याच्या रात्री आवाज ऐकत जागा असतो, पोरांची खाट कोणत्या भिंतीपासून दूर ठेवावी ह्याचा विचार करतो. तडा बुजवणं म्हणजे दुरुस्ती नाही, कारण मातीची हालचाल चालूच आहे. म्हणून तज्ज्ञाच्या अहवालात नुसतं ‘तडे आहेत’ असं चालत नाही. कारण काय, ते थांबवायला काय करावं लागेल आणि त्याचा अंदाजे खर्च किती, हे यावं लागतं. ते आलं की साठ हजारांचा युक्तिवाद टिकू नये. आणि वाजवीपणाची चर्चा करायला तरी दावा लागतो. तुमच्या वाटेनं गेलं तर तिथवरही पोचत नाही. तुमची वाट नेमकी कोणती?

साशंक : आधी मागचं एक बघू. आपल्याकडची जुनी घरं माळवदाची. जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकूड आणि पांढरी माती. दरवर्षी पावसाळ्याआधी वर नवी माती टाकायची, भिंती लिंपायच्या. भेग पडली की त्याला कुणी दोष म्हणत नव्हतं, घराची सेवा म्हणत होतं. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला, त्या जड भिंतींखाली माणसं झोपेतच गेली, आणि मराठवाड्याचा मातीच्या घरावरचा विश्वास उडाला. तो उडायलाच हवा होता. पण स्लॅबबरोबर आपण एक समजूतही घेतली, की पैसे एकदा मोजले की घराकडे बघावं लागत नाही. त्याच काळ्या मातीवर ताठ काँक्रीट उभं केलं आणि मोरीचं पाणी पायाशी सोडून दिलं. म्हणून माझी वाट अशी : गावातच मिटवा. गुत्तेदार ह्याच तालुक्यातला, त्याच्या पोरीच्या लग्नाला आपण जेवून आलेलो असतो. दोन जाणती माणसं आणि एक इंजिनियर बसवा, गुत्तेदारानं मजुरी सोसावी, मालकानं माल आणावा, पाया बाजूनं मजबूत करा, पाणी दूर काढा. सहा महिन्यांत घर राहण्याजोगं होतं. दाव्यात सहा वर्षांनी कागद मिळतो. गुत्तेदाराचंही एक असतं : मालकानं शेवटचा हप्ता अडवला तर ग्राहक आयोग त्याच्यासाठी नाही. त्यानं दिवाणी न्यायालयात जायचं, तेही तीन वर्षांच्या आत. मजुरांचे पैसे मात्र त्यानं त्याच शनिवारी दिलेले असतात.

आग्रही : गुत्तेदाराचं शेवटचं म्हणणं मला पटतं, आणि शेवटचा हप्ता कधी अडवायचा, किती काळ, हे आधी लिहिलेलं असावं हेही. बैठकीबद्दल मात्र माझा अनुभव निराळा आहे. पंच समोरच्या दोघांकडे बघून बोलतात. एका बाजूला चार कामं देणारा, निवडणुकीत उपयोगी पडणारा गुत्तेदार, दुसऱ्या बाजूला नवऱ्याच्या विम्याच्या पैशातून दोन खोल्या बांधलेली बाई. तिला सांगतात, ‘ताई, जाऊ द्या, तो करून देईल.’ तो एकदा येतो, पुट्टी मारतो आणि मग फोन उचलत नाही. तिच्या हातात आयोगाचा दरवाजा आहे म्हणूनच बैठकीत तिच्या शब्दाला वजन येतं. 2019 च्या कायद्यानं आयोगाच्या आतच मध्यस्थीची सोय केली ती ह्यासाठी : समेट व्हावा, पण कायद्याच्या नजरेखाली व्हावा.

साशंक : इथवर मी तुमच्याबरोबर येतो. करारात मातीची तपासणी, पायाची खोली ‘मुरूम लागेपर्यंत’, सळईचं माप, पाणी कुणी मारायचं, दोषांची जबाबदारी किती वर्षं, शेवटचा हप्ता कधी, हे लिहा. पाया भरण्याआधी इंजिनियरनं खड्डा बघून सही करावी. पण हे सगळं लिहिल्यावर माझा मूळ प्रश्न संपत नाही, उलट उघडा पडतो. समजा, गुत्तेदारानं लेखी दिलं : मुरूम लागलेला नाही, आणखी चार फूट गेल्याशिवाय तड्यांची हमी देणार नाही. मालकानं खाली सही केली : परवडत नाही, एवढ्यातच करा. आता दोन वर्षांनी तडा गेला. तुमचा कायदा कुणाच्या बाजूनं?

आग्रही : पैशांच्या वादात त्या सहीला वजन येणारच. मी गुत्तेदाराचा वकील असतो तर तीच पुढं केली असती. पण ती सही मला पुरी पडत नाही. 24 ऑगस्ट 2020 ला महाडची तारिक गार्डन ही इमारत कोसळली, 16 माणसं गेली. ती बांधून दहा वर्षंही झालेली नव्हती. घरात सही करणारा एकटा राहत नाही. त्याची म्हातारी आई, भाडेकरू, उद्या घर विकत घेणारा, ह्यांनी कुठं सही केलीय? मालक आपल्या पैशांचा धोका पत्करू शकतो, त्यांच्या जिवाचा नाही. ज्याला धोका कळतो त्यानं सही घेऊन मोकळं न होता काम नाकारावं.

साशंक : आणि नाकारलं तर तो शिक्षक कुठं राहणार? सुरक्षित पायाचं घर त्याला परवडत नाही, असुरक्षित पायाचं बांधायला कुणी तयार नाही, आणि त्याचं भाडं दरमहा चालू आहे. बहुतेक तोच गुत्तेदार गाठेल जो लेखी काहीच देत नाही. तुम्ही प्रामाणिक माणसाला नाही म्हणायला लावलंत, काम बेफिकिराला मिळालं.

आग्रही : तर मग परवडत नाही ह्या कारणानं कमी खोलीचा पाया कुठवर चालवून घ्यायचा आणि कुठून पुढं कुणाचीही सही चालू द्यायची नाही, ही रेघ ठरायला हवी. ती मालक आणि गुत्तेदार दोघांवर सोडता येत नाही, कारण दोघांनाही त्या दिवशी खोदकाम थांबवायची घाई असते.

साशंक : रेघ हवी, हे मान्य. पण ती ओढणाऱ्यानं वाढीव चार फुटांचा खर्च कुणी सोसायचा तेही सांगावं. ते सांगितलं नाही, तर ती रेघ कागदावर राहील आणि खड्डा पाच फुटांवरच थांबेल.